धोंडशिरा आणि मोगरी

निपाणीत आमचं काम कोल्हापुरी पायताणांचं. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात कोल्हापूर-सांगलीबरोबर आमचा बेळगाव जिल्हाही आला. तरी गिऱ्हाईक विचारतंच, "कोल्हापूरहून आणता काय ओ?" ते असो.

शिमगा झाल्यावर बेळगावचे एक सर आले. जुन्या पद्धतीचं धनुष्य करत होते. धनुष्य ओढलं की त्याची पाठ, म्हणजे नेम धरणाऱ्यापासून लांबची बाजू, ताणली जाते आणि लाकूड तिथंच चिरतं. म्हणून पाठीवर जनावराच्या शिरांचे (रक्ताच्या नव्हे, स्नायू हाडाला बांधणाऱ्या) तंतू सरसानं, म्हणजे कातडं-हाडं उकळून केलेल्या डिंकानं, चिकटवायचे. ते तंतू काढून द्यायचं काम माझ्याकडं आलं.

सुरुवातीलाच तणातणी. त्यांना हरणाची शीर हवी होती, खानापूरच्या रानाकडचा कुणी देतो म्हणाला होता. म्हटलं, "सर, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात दोघंही आत जाऊ. तो विषय उंबऱ्याबाहेर ठेवून या." मग म्हशीची धोंडशीर, म्हणजे मागच्या पायाच्या टाचेवरची जाड शीर, ठरली. तीसुद्धा कर्नाटकाच्या २०२० च्या गोहत्याबंदी कायद्यामुळं १३ वर्षांवरच्या म्हशीचीच. खाटकाकडून आणून, पापुद्रा आणि चरबी खरवडून मी सावलीत टांगल्या. (वाळेपर्यंत मांजरं हाकलणं हेच खरं काम.)

वाळलेल्या शिरा ठोकायच्या दिवशी सर लोखंडी हातोडा घेऊन हजर. तो बाजूला ठेवायला लावला, कारण त्याची कड बसली की तंतू तुटतात. खाली घोटीव दगड, हातात लाकडी मोगरी. एका टोकापासून, शीर फिरवत, बेतानं ठोकायचं. बराच वेळ काहीच होत नाही. सर घड्याळ बघायला लागले. मग पिवळी, कडक शीर पांढरी पडते आणि टोकाला तंतू सुटे होतात. पकडीनं दोन बाजूंना ओढलं की ती उभी फाटत जाते. निम्मी, पाव, शेवटी दोऱ्याएवढी बारीक. इथं हिसका देणाऱ्याचं काही खरं नाही.

दुपारी भाच्यानं एक जुडी चहाच्या आधणात बुडवली, लवकर मऊ व्हावी म्हणून. डोळ्यांदेखत आकसून तिचा रबरासारखा गोळा झाला. "मामा, हे काय ओ झालं?" न कमावलेल्या ओल्या कातड्याचंही साठ-पासष्ट अंशांपुढं हेच होतं, आम्हाला नवल नाही. सर मात्र हबकले. घरी ते सरस खळाखळा उकळत होते, आणि उकळलेल्या सरसाची पकड जाते. तंतू गार पाण्यात भिजवून निथळायचे, सरसाचं भांडं दुसऱ्या गरम पाण्याच्या भांड्यात ठेवायचं, एवढंच सांगितलं. आणि तंतूंना तेलकट हात लावायचा नाही, नाहीतर सरस धरत नाही.

संध्याकाळी लांबीप्रमाणे जुड्या बांधल्या. "मिरगापर्यंत होईल का ओ?" सरांनी विचारलं. म्हटलं, थर आत्ताच चढवा, वाळायला महिने जातात. आमच्याकडचा पाऊस लागला की सरस ओल धरून मऊ पडतो. त्यांनी रोख पैसे दिले. आखूड, तुटके तंतू मी मागून घेतले. आरीची मूठ सैल झाली होती, तिच्यावर ते सरसात बुडवून गुंडाळायला.