क्लोनिस लेस विकायला ठेवताना

आयर्लंडमध्ये हाताने केलेल्या वस्तू ऑनलाइन विकायच्या तर सर्वांत अवघड काय जातं, असं इथल्या मराठी मैत्रिणी मला विचारतात. कर, परवाने, पार्सल हे त्यांच्या डोक्यात असतं. तेही आहेच, पुढे लिहिते. पण मला खरा वेळ लागला तो किंमत ठरवायला, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

मी विणते ती क्लोनिस लेस. क्लोनिस हे मोनाहन परगण्यातलं, उत्तर आयर्लंडच्या सीमेला टेकलेलं छोटं गाव. १८४५ मध्ये बटाट्यावर रोग पडला आणि पुढच्या काही वर्षांत या बेटावरची सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि साथींनी गेली. १८४७ मध्ये, दुष्काळ ऐन भरात असताना, तिथल्या अँग्लिकन धर्मगुरूंच्या पत्नी कॅसांड्रा हँड यांनी गावातल्या बायकांना क्रोशाचं काम शिकवायची सोय केली. व्हेनिसच्या सुईने केलेल्या लेसला फार दिवस लागत; क्रोशाने तशीच दिसणारी लेस कितीतरी लवकर होई, आणि ती विकून घरात चूल पेटे.

साखळी, खांब, मुका खांब हे क्रोशाचे टाके मला आईने शाळेत असतानाच शिकवलं होतं, त्यामुळे हात तयार होता. तरी ही पद्धत निराळी आहे. आपण रुमाल मधून सुरू करून गोल गोल बाहेर वाढवत नेतो. इथे गुलाब, शॅमरॉकचं पान, द्राक्षांचा घोस असे नमुने सुटे विणायचे, तेही एका जाडसर दोऱ्यावरून टाके घेत, म्हणजे कडा उठून दिसते. मग कापडावर आकृती काढायची, सगळे नमुने त्यावर उलटे टाचायचे आणि मधली जागा जाळीने भरायची. त्या जाळीतच क्लोनिसची गाठ येते: सुईवर दोऱ्याचे आळीपाळीने वेढे घ्यायचे, सगळ्यांतून दोरा एकदम ओढायचा आणि मुक्या खांबाने ती जागेवर बसवायची. वेढे सैल झाले तर गाठ लोळते, घट्ट झाले तर सुई बाहेरच निघत नाही. पूर्वी एकेक घर एकाच नमुन्यात तरबेज असे आणि आपली रीत शेजारणीलाही दाखवत नसे, असं इथे सांगतात. क्लोनिसच्या कॅनॉल स्टोअर्समधल्या लेसच्या प्रदर्शनात जुने तुकडे पाहिले तेव्हा ते मला लगेच पटलं. तितकं बारीक काम उगाच कोण कुणाच्या हातात देईल?

ज्या संकेतस्थळावर मी विकते ते एक कुटुंबच चालवतं, आई-वडील आणि थोरली मुलगी. डोनेगल परगण्याचं ट्वीड म्हणजे जाड लोकरी कापड, विलोच्या टोपल्या, दलदलीत हजारो वर्षं गाडल्या गेलेल्या ओकमधलं कोरीवकाम, अॅरन बेटांच्या पद्धतीचे लोकरी स्वेटर आणि लेस, एवढाच त्यांचा पसारा. वस्तू विकणाऱ्याने स्वतः, हाताने आणि याच बेटावर केलेली हवी, मग सीमेच्या अलीकडे असो वा पलीकडे, हा त्यांचा नियम. करणाऱ्याचा जन्म कुठला हे अर्जात विचारलेलंच नव्हतं. मी आपणहून सांगितलं, तर मुलीने शांतपणे विचारलं, "गाठ करून दाखवतेस?" व्हिडिओ कॉलवर मी गाठी करत गेले आणि ती कॅमेरा जवळ न्यायला सांगत राहिली. नंतर अर्धवट कामाचे फोटो मागितले, उलट्या बाजूचेही. यंत्राची लेस मागून बघितली की उघडी पडते, हे तिला पक्कं माहीत होतं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. आधी आपल्या राहण्याच्या परवानगीचा शिक्का, म्हणजे 'स्टॅम्प', कोणता ते बघा. नवऱ्याच्या वर्क परमिटवर आलेल्या बायकांना सहसा स्टॅम्प १जी मिळतो. त्यावर नोकरी करता येते, स्वतःचा धंदा करता येत नाही. धंदा करू देणारा स्टॅम्प ४ हातात आल्यावरच मी अर्ज केला. त्यानंतर महसूल खात्यात स्वयंरोजगाराची नोंद करायची. व्हॅटची नोंदणी वस्तूंच्या बाबतीत वर्षाला ८५,००० युरो विक्रीच्या पुढे लागते, म्हणजे आपल्यासारखीला ती चिंता नाही. १३ डिसेंबर २०२४ पासून युरोपचा उत्पादन सुरक्षेचा नवा कायदा लागू झाला. त्यामुळे प्रत्येक वस्तूच्या पानावर करणाऱ्याचं नाव, टपालाचा पत्ता आणि ईमेल द्यावाच लागतो, शिवाय वस्तूपासून कुणाला काय इजा होऊ शकेल हेही लिहून ठेवावं लागतं. कापडी वस्तूला धाग्याची माहिती देणारी पट्टीही हवी. मला बाळांची टोपडी विकायची फार हौस होती. पण लहान मुलांच्या डोक्या-मानेजवळच्या बंदांवर युरोपात कडक नियम आहेत, आणि बंद नसलेलं टोपडं मला टोपडं वाटत नाही. तो विचार मी सोडून दिला.

आता किंमत. संकेतस्थळ चालवणाऱ्या त्या घरातल्या बाईंनी मला सांगितलं, गळ्याची पट्टी करताना प्रत्येक तास वहीत लिही, धागा सोडवण्याचा आणि टाचण्याचासुद्धा. एका चांगल्या गुलाबालाच दीड-दोन तास जातात. पूर्ण पट्टीचे चाळीस तास धरले आणि २०२५ मधला इथला किमान वेतनाचा दर, ताशी १३.५० युरो, लावला तर नुसती मजुरी ५४० युरो होते. धागा, कमिशन, टपाल वेगळंच. मी म्हटलं, एवढ्याला कोण घेईल, निम्म्याला लावू या. आपल्याकडे घरी बसून केलेल्या विणकामाचे पैसे मोजायची सवयच नसते. आईच्या रुमालांचं सगळ्यांनी कौतुक केलं, पण तिचे तास कुणी मोजले नाहीत. बाई म्हणाल्या, "तासाचा भाव पाडू नकोस, वस्तू लहान कर."

माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रक्रियेतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. दुष्काळाच्या वेळी बायकांना वस्तूमागे पैसे मिळत आणि लेस लंडन-पॅरिसच्या श्रीमंतांच्या अंगावर जाई. पोट भरायचं होतं म्हणून त्यांनी मिळेल तो भाव घेतला. आज ती सक्ती माझ्यावर नाही. मी निम्म्या भावात पट्टी विकली तर शेजारच्या परगण्यात याच कामावर घर चालवणाऱ्या बाईचा भाव मी पाडते. म्हणून मी चौकटीत बसवलेला एकच गुलाब, पुस्तकातली खूण आणि कानातली अशा वस्तू ठेवल्या. गळ्याची पट्टीही पानावर आहे, पूर्ण किमतीला, तासांच्या हिशेबासकट.

वर्णन लिहितानाही हे कुटुंब काटेकोर असतं. अॅरन स्वेटरवरच्या वेलबुट्टीवरून बुडालेल्या कोळ्याचं घराणं ओळखत, ही गोष्ट पर्यटकांना फार आवडते. पण तिचं मूळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका नाटकात आहे, आणि तिथेही बुडालेल्याची ओळख पटते ती मोज्याच्या टाक्यांवरून. त्यामुळे स्वेटर विकणाऱ्यांना ती लिहायची परवानगी नाही. मला कोयरीचा नमुना क्लोनिसच्या पद्धतीने करायचा होता. त्यावर आमचं बरंच बोलणं झालं आणि ठरलं की पानावर "आयरिश क्रोशे, नमुना विणकरणीचा स्वतःचा" असं लिहायचं. मला ते योग्य वाटतं. कोयरी कुठून आली हे मी खाली दोन ओळींत लिहिते, आणि भारतीय ग्राहक नेमकं त्यावरच प्रश्न विचारतात.

पार्सलचं मात्र सतत बदलतं. २०२१ पासून ब्रिटनला पाठवताना सीमाशुल्काचा कागद भरावा लागतो, क्लोनिसजवळची सीमा ओलांडून उत्तर आयर्लंडला जायला तो लागत नाही. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून काढून टाकली. आयरिश वंशाचे निम्मे ग्राहक तिकडे, त्यामुळे त्यांच्यावर पडणारं शुल्क आम्ही आता मागणी घेतानाच सांगतो. काहीजण मागणी मागे घेतात, ते घेऊ देत. लग्नाच्या ओढणीच्या किनारीसाठी मात्र लोक वाट बघायला तयार असतात. उन्हाळ्यातल्या लग्नांची मागणी मी जानेवारीअखेरपर्यंतच घेते आणि निम्मे पैसे आधी घेते, दोन्ही गोष्टी पानावर अगदी वर लिहिल्या आहेत.