भूतानच्या ‘हा’ खोऱ्यात बदली झाली की पेटीत काय भरायचं

अपशिंगे मिलिटरीसारख्या साताऱ्याच्या फौजी गावात काळी लोखंडी पेटी घरोघरी असते. भूतानच्या पोस्टिंगला मात्र ती भरायची पद्धत थोडी बदलावी लागते.

मोठ्यांसाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. आधार चालत नाही. मुलांचा जन्मदाखला पेटीत नको, हातातल्या पिशवीत ठेवा. रेल्वे पश्चिम बंगालमधल्या हासीमाऱ्यापर्यंत, पुढे भूतानच्या सीमेवरच्या फुंटशोलिंगमार्गे गाडी.

खरी गंमत स्वयंपाकघरात. ‘हा’ गाव साधारण २,७०० मीटर उंचीवर आहे, तिथं पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात भाताची शितं कच्ची राहतात, डाळ तर शिजायला फारच वेळ लागतो. म्हणून कुकर हवाच, आणि रबरी रिंग व सेफ्टी व्हॉल्व्ह जादा घ्या. कोरेगावचा वाघ्या घेवडा रात्रभर भिजवा, शिट्ट्या नेहमीपेक्षा दोन-तीन जास्त. सोडा घालू नका, चव जाते.

कांदा-लसूण मसाला सीलबंद पाकिटात नेऊ नका. वर हवेचा दाब कमी, पाकीट फुगतं आणि शिवण उसवली की सगळे कपडे लाल! स्टीलच्या डब्यात, वर दोन बोटं जागा ठेवून भरा.

पैशांचं सोपं: भूतानचं चलन न्गुलत्रुम रुपयाच्या बरोबरीनं चालतं. घड्याळ अर्धा तास पुढे करा.