माझे चार आणे

गेल्या महिन्यात मी मृत्युपत्र केलं. पुण्याला लेकाला फोनवर सांगितलं तर तो गप्पच झाला, मग म्हणाला, "आई, रिपोर्ट वगैरे काही आलाय का?" रिपोर्ट नाही बाबा, साखर तेवढी वाढलीय, ती तुझ्या जन्मापासून वाढतेच आहे. शेजारच्या काकींचा प्रश्न त्याहून सरळ होता: "इतले बेगीन कित्याक गो?" म्हणजे इतक्या लवकर कशाला? मी एकोणसत्तरीला आले. बेगीन कसलं?

लेकाचा धीर परतल्यावर त्याचा सल्ला सुरू झाला. साध्या कागदावर लिही, दोन साक्षीदारांच्या सह्या घे, झालं. त्याच्या ऑफिसातल्या कोणीतरी तसंच केलं होतं. त्याला म्हटलं, ते तुमच्याकडे चालतं. इथे गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज दिवाणी कायदा मुक्तीनंतरही तसाच राहिला, आणि वारसा, मृत्युपत्र, इन्व्हेंटरी (म्हणजे वारसांत मिळकत वाटायचं कोर्टातलं काम) हे सगळं आता २०१२ च्या गोव्याच्या कायद्यात आलं असलं तरी मूळ हिशेब तोच आहे. मृत्युपत्र खास नोटरीसमोर करायचं, म्हणजे आपल्या सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत. तिथल्या वहीत ते उतरतं, साक्षीदारांसमोर वाचून दाखवतात, मग सह्या. गुप्त ठेवायचं असेल तर बंद पाकिटातलंही करता येतं, पण त्यालाही नोटरी लागतोच.

चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे वकिलांनी टक्क्यांत सांगितलेलं मी घरी येऊन आण्यांत मांडलं. आमच्या दोघांचं जे काही आहे ते सोळा आणे. त्यातले आठ ह्यांचे, आठ माझे. माझ्या आठांतले चार मुलांसाठी राखीव. ते मी मनात आणलं तरी दुसऱ्याला देऊ शकत नाही, आणि पोरगा कितीही वर्षांत फिरकला नाही म्हणून रागाने कापूही शकत नाही. त्याला कायद्यात ठरलेली कारणं लागतात, आणि गणेश चवथीला न येणं हे त्यात नाही. उरले चार आणे. मृत्युपत्र म्हणतात ते एवढ्या चार आण्यांचं.

आठ आणे माझे आहेत हे मला कधी कळलं? लग्न १९८६ चं. लग्नाआधी रजिस्ट्रारकडे सह्या करायला गेलो होतो, तेव्हा माझं सगळं लक्ष नव्या साडीच्या काठाकडे होतं. वेगळा करार केला नाही की नवराबायकोची मिळकत सामाईक होते, हे त्या दिवशी कोणी सांगितलं नाही. सासऱ्यांचं अर्धं कुळागर पुढे ह्यांच्या वाट्याला आलं आणि त्यातली निम्मी पोफळ, निम्मी मिरी माझी झाली, तेव्हाही कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नारळ पाडायला येणाऱ्या पाडेल्याला चहा करताना मी जरा ताठ उभी राहिले असते.

कुळागर वाट्याला आलं ते कोर्टातून. सासरे १९९८ मध्ये गेले, काहीही न लिहिता. घर सावईवेऱ्याचं, एक-चौदाच्या, म्हणजे आमच्याकडच्या सातबाराच्या, उताऱ्यावर अजून त्यांच्याही वडिलांचं नाव. तीन भाऊ, एक लग्न झालेली बहीण आणि दुसरी बहीण आक्का, बिनलग्नाची. मधेच सासूबाईही गेल्या. इन्व्हेंटरी अकरा वर्षं चालली. ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते: सगळ्या मिळकतीची यादी होते, किमती लागतात आणि जमलं नाही तर वारसांमध्येच बोली लागते. जो जास्त घेतो तो बाकीच्यांना पैशांनी भरून देतो. कागदावर वाचायला न्याय्यच आहे. पण ज्या पाटात तिघं भाऊ लहानपणी होड्या सोडायचे त्याच पाटाच्या वरच्या बाजूवर थोरल्या दिरांनी बोली लावली, धाकट्याने खाली न बघता वरची बोली लावली, आणि मागच्या बाकावर आम्ही तिघी जावा एकमेकींचे पदर धरून बसलो होतो. नणंदेच्या नवऱ्याचीही सही लागत होती. त्या बिचाऱ्यांना कुळागरात किती पोफळी आहेत हेही ठाऊक नव्हतं. एकदा ते मस्कतहून सहीसाठी आले नाहीत म्हणून तारीख गेली. शेवटी घर आणि अर्धं कुळागर आमच्याकडे आलं, आणि ते भरून द्यायचं कर्ज फेडायला मला निवृत्तीपर्यंत लागलं.

आक्काने मात्र १९९९ मध्येच हक्कसोडपत्र करून दिलं होतं. "तुम्ही भावांनी भांडू नका," एवढंच म्हणाली. भाऊ भांडलेच. ती त्याच घरात राहिली, सासूबाईंचं शेवटचं दुखणं तिने काढलं, माझी दोन्ही मुलं तिच्या कडेवर वाढली. कागदावर तिचं आज त्या घरात काहीच नाही.

म्हणून माझ्या चार आण्यांतून माजघरालगतच्या दोन खोल्या आणि मागची न्हाणी आक्काने हयातभर वापराव्यात असं लिहायचं ठरवून मी वकिलांकडे गेले. ते म्हणाले, बाई, सामाईक मिळकतीतली ठरावीक खोली एकटीने लिहून देता येत नाही, नवऱ्याची रीतसर संमती हवी. चार आणे माझ्या मर्जीचे, पण न्हाणीला ह्यांची सही. बाकीचं दोन्ही मुलांना सारखं. लेकाने विचारलं, निदान पुण्याचा फ्लॅट तरी वेगळा ना? नाही. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, गोंयकाराची मिळकत देशात कुठेही असो, वारशाचं गणित गोव्याचंच.

बँकेच्या पासबुकावरची नॉमिनीची नावं, विजेचं बिल कोणाच्या नावावर, लॉकरची किल्ली तांदळाच्या डब्यात असते, हे सगळं मी वहीत वेगळं लिहून ठेवलंय. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे लेकीला दोनदा समजावलं.

आक्काला संध्याकाळी सांगितलं. ती सोलं वाळत घालत होती. हात न थांबवता म्हणाली, "खोल्या ठीक. पण माटोळीची चौकट कोणाच्या वाट्याला?" माटोळी म्हणजे चवथीला गणपतीच्या वर फळं-भाज्या बांधून टांगतात ती चौकट; आमच्या घरची सागवानाची, पणजोबांच्या वेळची. इन्व्हेंटरीच्या यादीत तांब्याचे हंडेसुद्धा आले होते, ती आली नव्हती, कारण ती वर्षभर गोठ्याच्या माळ्यावर असते आणि यादी करणारा कारकून शिडी चढला नाही. त्यामुळे कायद्याने ती आजही कोणा एकाची नाही. दरवर्षी चवथीला तिन्ही भाऊ येतात, थोरले दीर खालून हात देतात, धाकटे वर चढून दोर बांधतात, आणि तेवढा वेळ बोलतातही. मी तिचं नाव कुठेच लिहिलं नाही.

ह्यांनी न्हाणीची संमती दिली, मुकाट्याने सही केली. त्याच टेबलावर त्याच माणसासमोर मी म्हटलं, आता आलोच आहोत तर तुमचे चार आणेही करून टाका. "चवथ होऊंदी," म्हणाले. हे वाक्य मी तिसऱ्या वर्षी ऐकतेय.