गाईच्या पोटातला गावाचा कचरा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावातून गाय बघायला बोलावणं आलं. जर्सी गाय, दुधाची. वैरण सोडलेली, रवंथ बंद, शेण जेमतेम, डावी भकाळी, म्हणजे बरगड्यांमागची कूस, ढोलासारखी ताणलेली. पोटफुगीचं औषध देऊन झालं होतं. तेवढ्यापुरतं उतरायचं, पुन्हा फुगायचं. कोटीपोट, म्हणजे गाईच्या पोटाचा सगळ्यात मोठा कप्पा, उघडण्यावाचून इलाज नव्हता.

ही शस्त्रक्रिया गाय उभी ठेवूनच करतात. भकाळीचे केस भादरले, भूल देऊन जागा बधिर केली, कातडी आणि स्नायू कापून कोटीपोट बाहेर ओढलं, कातडीला टाचलं आणि त्यात हात घातला. हाताला लागला तो प्लॅस्टिकचा पीळ. पोट सतत घुसळत असतं, त्यामुळे पिशव्या एकमेकींत वळून त्यांचा दोरखंड होतो. दुधाच्या पिशव्या, कॅरीबॅगा, नायलॉनची सुतळी, गुटख्याच्या पुड्या. बादली भरली तरी हात रिकामा येईना. जाळीपोटातून, म्हणजे त्याला लागून काळजाजवळ असलेल्या कप्प्यातून, एक तारेचा तुकडा निघाला. तो पुढे सरकून काळजात घुसला असता तर गाय हाताला लागली नसती.

मालकीणबाई रडवेल्या झाल्या. "आमी वैरणीत कायबी घालत न्हाई ओ डॉक्टर."

"उष्टं पिशवीत घालून गाठ मारून टाकता का?"

"ते समदेच टाकतात की, गल्लीच्या कोपऱ्यावर."

खरं दुखणं तिथंच आहे. गाय जिभेनं वेढून घास ओढते, ओठांनी निवडत नाही. आतल्या भाताचा वास येतो, गाठ सोडता येत नाही, मग पिशवीसकट गिळते.

टाके घालेपर्यंत गोठ्यात माणसं जमली. त्यांत पंचायतीचे एक सदस्यही होते. घरोघरी सुका कचरा न्यायला गाडी सुरू करायची का, यावर तिथंच वाद लागला. कर्नाटकात बऱ्याच पंचायतींनी सुक्या कचऱ्यासाठी 'स्वच्छ संकीर्ण' घटक, म्हणजे तो आणून वेगळा करायच्या जागा, उभारलेत, काही ठिकाणी गाडीही महिला संघाच्या बायका चालवतात. एका म्हाताऱ्याचं म्हणणं, "खेड्यात गाडी कशाला? उकिरडा हाय की." त्यांचं निम्मं बरोबर होतं. शेण, पालापाचोळा, भाजीची देठं उकिरड्यात कुजतात, त्यासाठी गाडी नकोच. पण प्लॅस्टिक कुजत नाही. ते गावखताबरोबर शेतात जातं, नाहीतर पावसात ओढ्याला लागून मलप्रभेत. गाडी हवी ती एवढ्यासाठीच.

घरटी महिन्याला पैसे कोण देणार, असं कुणीतरी विचारलं. मी बादली पुढे ओढली. औषधं, बुडालेलं दूध, गाय गेली असती तर तिची किंमत, हा हिशेब ज्याच्या गोठ्यात जनावर आहे त्याला सांगावा लागत नाही. ग्रामसभेत येऊन बोला, असं सदस्य म्हणाले. मी लगेच होकार दिला, फक्त उष्टं पिशवीत बांधायचं नाही हे पहिल्यांदा ठरवा, असं सांगितलं. तसं झालं नाही तर गाडी येईपर्यंत तीच पिशवी दारात पडून राहणार.

पचन पुन्हा सुरू व्हावं म्हणून निरोगी गाईच्या कोटीपोटातलं पाणी या गाईला पाजायला सांगून, पुढच्या इंजेक्शनांचा कागद लिहीत होतो, तेव्हा मालकीणबाई सदस्यांना म्हणाल्या, "गाडी कुठल्या वारी येणार तेवढं आधी सांगा. आमी शेताला जातो, दाराला कुलूप असतंय."

सदस्यांनी तो मुद्दा वहीत लिहून घेतला.