दहा स्नगांचा पब: बेलफास्टचं ‘क्राउन’

डब्लिनहून बेलफास्टला एका दिवसात जाऊन येता येतं आणि बहुतेक जण टायटॅनिकचं संग्रहालय पाहून परततात. आम्ही दुपारचे तीन तास एका पबात घालवले. बरोबर आई होती, वय अडुसष्ट, सांगलीची, आयुष्यात कधी बारची पायरी न चढलेली. तिला आधीच सांगून ठेवलं होतं, “प्यायला नाही, बघायला चाललोय.”

आधी कागदपत्रांचं. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये येतं. डब्लिनमध्ये राहणाऱ्यांकडे आयर्लंडचा रहिवासी परवाना असला तरी भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा व्हिसा लागतोच. रेल्वेत कुणी तपासत नाही म्हणून ‘काही होत नाही’ म्हणणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका. भारतातून येणाऱ्या पाहुण्यांच्या आयरिश व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) अशी नोंद असेल तर त्याच व्हिसावर दोन्हीकडे फिरता येतं, फक्त आधी आयर्लंडमध्ये उतरायचं. आईच्या व्हिसावर ती नोंद आहे ना, हे मी तीनदा पाहिलं.

‘एंटरप्राइज’ गाडी दोन-सव्वादोन तासांत बेलफास्टच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात पोचवते. २०२४ साली सुरू झालेलं हे स्थानक पबपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. ग्रेट व्हिक्टोरिया स्ट्रीटवर युरोपा हॉटेल शोधा आणि त्याच्याकडे पाठ करून उभे राहा, समोर ‘क्राउन लिकर सलून’. युरोपावर उत्तर आयर्लंडमधल्या राजकीय हिंसाचाराच्या काळात तीसहून अधिक वेळा बॉम्बहल्ले झाले. समोरच्या या पबाच्या रंगीत काचांनी काय काय सोसलं असेल याचा अंदाज रस्त्याची रुंदी पाहूनच येतो.

बाहेरूनच इमारत नटलेली आहे: रंगीत चकचकीत टाइल्स, खांब, गोल खिडक्या. दारात पाय टाकतानाच फरशीवर मोझेकचा मुकुट दिसतो. आई सवयीने त्याला वळसा घालून आत गेली. मग मी तिला इथली दंतकथा सांगितली. मालक पॅट्रिक फ्लॅनगन आयरिश राष्ट्रवादी, बायको इंग्लंडच्या राजघराण्याची निष्ठावान. तिने ‘क्राउन’ हेच नाव हवं म्हणून हट्ट धरला. त्याने ऐकलं, पण मुकुट बसवला जमिनीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याने तुडवावा म्हणून. आई म्हणाली, “म्हणजे नाव तिचं आणि पाय त्याचे. संसार झाला की गं!”

मूळ दारूगुत्ता ‘रेल्वे टॅव्हर्न’ नावाचा. आजचं रूप १८८५च्या सुमाराचं. त्या काळात बेलफास्टमध्ये चर्च बांधण्यासाठी इटालियन कारागीर आलेले होते. दिवसाचं काम संपल्यावर फ्लॅनगन त्यांना इकडे राबवून घेत असे, असं सांगतात. आत शिरल्यावर ते पटतं. कोरीव लाकूड, वर उठावाची नक्षी असलेलं छत, लाल ग्रॅनाइटचा लांबलचक बार, त्याच्यामागे लाकडी पिंपं आणि आरसे. “इथे मेणबत्ती लावायची का?” आईने हळूच विचारलं. उजेड गॅसच्या दिव्यांचा, पिवळसर, त्यामुळे आपला आवाजही आपोआप खाली येतो.

पण खरी गंमत उजेडात नाही, आडोशात आहे. बारच्या समोर दहा ‘स्नग’ आहेत, ए ते जे अशी इंग्रजी अक्षरं लावलेले. स्नग म्हणजे दार लावून घेता येईल अशी लाकडी खोली; आपल्या जुन्या इराण्याकडच्या फॅमिली रूमची चुलत बहीणच म्हणा. चारचौघांत पिताना दिसायचं नाही अशा व्हिक्टोरियन सभ्य गिऱ्हाइकांसाठी त्या केल्या. बाहेरून डोकावता येऊ नये म्हणून खिडक्यांच्या काचा रंगवलेल्या. त्यांवर शिंपले, पऱ्या, अननस आणि विदूषक. दाराशी ढाली धरून बसलेले सिंह आणि ग्रिफिन, म्हणजे गरुडाचं डोकं आणि पंख असलेले सिंह. आत भिंतीवर काडी ओढायची गनमेटल धातूची पट्टी आणि नोकराला बोलवायची बेल. म्हणजे लपायची सोय, तीही इतकी सजवलेली की सगळ्या गावाचं लक्ष जावं! मला हे मनापासून आवडलं. आम्ही मात्र उठून बारवर जाऊनच मागवलं. आईने लेमोनेड घेतलं, मी अर्धा पाइंट स्टाउट, म्हणजे काळी बिअर.

एक आग्रहाचं सांगणं: बारपाशी उभं राहून चार फोटो काढून परतू नका. बहुतेक पर्यटक तेच करतात आणि पबाचा निम्मा अर्थ दाराबाहेर ठेवून जातात. स्नगमध्ये बसा, दार ओढून घ्या, बाहेरची गडबड लाकडातून कशी पुसट येते ते ऐका. त्यासाठी उघडल्या उघडल्या पोचायला हवं. आम्ही बाराच्या आत पोचलो म्हणून जागा मिळाली. दोन वाजेपर्यंत दहाही भरले होते. शनिवारी संध्याकाळी तर नकोच. मुलं बरोबर असतील तर प्रवेशाची वेळ आधी विचारून घ्या.

युरो इथे चालत नाहीत, कार्ड पुरतं. रोख घेतलीच तर उत्तर आयर्लंडच्या बँकांच्या वेगळ्या नोटा हातात येतात. त्या तिथेच संपवा, लंडनमध्ये दुकानदार त्या उलटसुलट करून बघत बसतात.

ही वास्तू १९७८ साली नॅशनल ट्रस्टने विकत घेतली आणि नंतर दुरुस्त करून घेतली. संस्था वारसा जपणारी, पण संग्रहालयाचा दोर कुठे बांधलेला नाही, तिकीट नाही. तुम्ही पेयाचे पैसे देता आणि सव्वाशे वर्षांहून जुन्या बाकावर बसता.

दर्शनी बाजू पश्चिमेकडे आहे. म्हणून सकाळी आत बसा, मधल्या वेळात सिटी हॉलकडे फिरून या आणि परतीच्या गाडीआधी पुन्हा युरोपाच्या फुटपाथवर उभे राहा. टाइल्सवर ऊन पडतं तेव्हा फोटो काढा. आम्ही गेलो त्या दिवशी अर्थातच पाऊस होता.