तिफणीच्या फणापासून बीबीएफ यंत्रापर्यंत : आमची वाटचाल

आमचं वर्कशॉप औसा तालुक्यात, लातूरला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. वडील गावचे लोहार. तिफणीचे फण घडवणं, कुळवाच्या पासेला धार लावणं हे त्यांचं काम. गावातली बैलं कमी झाली, ट्रॅक्टर आले, तसं आम्ही भाता बाजूला ठेवून वेल्डिंगकडे वळलो. आज आमचं मुख्य उत्पादन म्हणजे सोयाबीनचं बीबीएफ पेरणी यंत्र.

बीबीएफ म्हणजे ब्रॉड बेड फरो, रुंद वरंबा आणि दोन्ही बाजूंना सरी. आमच्या यंत्रात वरंब्यावर चार तासं, म्हणजे पेरणीच्या चार ओळी पडतात. पाऊस उघडला तर सरीत मुरलेली ओल कामाला येते. पाऊस थांबेनासा झाला तर जादा पाणी सरीतून निघून जातं आणि पाणी साचून पीक चिबडत नाही. काळ्या रानासाठी या पद्धतीवर हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेत 1970 च्या दशकापासून काम झालं. तेव्हा तिथे बैलांनी ओढायचा चाकांचा औजारगाडा वापरात होता. संस्थेच्या रानात त्याने चांगलं काम केलं, पण शेतकऱ्यांनी तो घेतला नाही. साध्या औतापुढे त्याची किंमत कितीतरी पट होती. आमच्याकडे नवा कारागीर आला की ही हकीकत मी त्याला आवर्जून सांगतो.

कारण आमच्या भागातही अडचण पद्धत पटण्याची नव्हती. चिबडलेलं सोयाबीन पिवळं पडताना प्रत्येकाने पाहिलंय. पण छोट्या शेतकऱ्याच्या घरी ट्रॅक्टर नसतो. पेरणी कशाने होणार हे भाड्याने पेरून देणारा ठरवतो. मृगाचा पाऊस झाला, वापसा (पेरणीजोगी ओल) आला की सगळ्या गावाला एकाच वेळी पेरायचं असतं आणि त्याची कमाई एकराच्या हिशेबात. साध्या यंत्राला सात-नऊ फण, आमच्याला चार. शिवाय सऱ्या पाडायला ट्रॅक्टरवर ताण येतो, डिझेल जास्त लागतं. मग तो सरळ सांगतो, "बीबीएफ नंतर बघू, आधी साधं पेरून घ्या." शेतकरीही थांबत नाही, आणि त्याने थांबावं अशी अपेक्षा करणंही बरोबर नाही. वापसा गेला तर हंगाम गेला.

म्हणून आम्ही यंत्रात बदल करताना पेरून देणाऱ्याला शेजारी बसवलं. सरीचे फाळ दोन नट ढिले करून काढता येतील असे केले, म्हणजे त्याच सांगाड्यावर साधी पेरणीही होते आणि यंत्र पडून राहत नाही. ट्रॅक्टरची चाकं बरोबर सरीतून चालावीत म्हणून चाकांमधलं अंतर मोजून देणं आता आमच्या विक्रीचाच भाग आहे. हे अंतर चुकलं की एक तास चाकाखाली दबतं, आणि त्या रानाकडे बघून आणखी चार जण मागे हटतात.

खरी मागणी वाढली ती बियाण्यामुळे. 2020 च्या खरिपात राज्यभर सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी झाल्या. पुढे 30 किलोची पिशवी तीन हजारांच्या वर गेली. साध्या पेरणीला एकरी एक पिशवी लागते, बीबीएफवर 22 ते 25 किलोत भागतं. पावसाचं गणित दरवर्षी वेगळं असतं, पण बियाण्याची बचत पेरणीच्या दिवशीच हातात दिसते. त्यात फुले संगमसारखं पसरणारं वाण आलं. त्याला दाट पेरून चालतच नाही, उंच होऊन लोळतं. लोकांनी ते हाताने एकेक बी टोकून बघितलं, अंतर ठेवल्याचा फायदा पाहिला आणि मग यंत्र विचारायला आमच्याकडे आले. माझं ठाम मत आहे की आमच्या यंत्राचा जेवढा प्रचार त्या वाणाने केला, तेवढा कुठल्याही मेळाव्याने केला नसेल.

तरीही घराघरात विरोध असतोच. रस्त्यावरून बघणाऱ्याला पेरा पातळ दिसतो. म्हातारी माणसं म्हणतात, बी वाचवून कुठं पीक येतंय का. अशा घरी आम्ही दोन एकरांवरच पेरायला सांगतो, बाकी रान त्यांच्या पद्धतीने.

अनुदानाचा उपयोग झाला, पण थेट छोट्या शेतकऱ्याला कमी. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज, निवड, मग आधी पूर्ण रक्कम भरून खरेदी आणि पैसे नंतर खात्यावर. ज्याच्या हातात एवढी रक्कम मोकळी आहे तोच ते करू शकतो. पोकरा (नानाजी देशमुख कृषी संजीवनी) प्रकल्पातून शेतकरी गटांना अवजारे बँका, म्हणजे भाड्याने द्यायची अवजारं मिळाली, तिथे चित्र बदललं. ज्या गटात ट्रॅक्टर चालवणारा गावचाच आहे, तिथलं यंत्र दरवर्षी रानात असतं. बटईच्या, म्हणजे पिकाच्या वाट्यावर कसायला दिलेल्या रानाचा प्रश्न मात्र तसाच आहे. भाडं बटईदाराने द्यायचं, बियाण्याची बचत दोघांत वाटायची, मग त्याने पुढाकार का घ्यावा? यावर माझ्याकडे लोखंडाचा उपाय नाही, मालकानेच भाड्यात वाटा उचलला पाहिजे.

सध्या आम्ही लहान ट्रॅक्टरसाठी हलकं, तीन तासांचं यंत्र बनवतोय. तुकड्याच्या रानात मोठा ट्रॅक्टर वळायलाच बांध खातो, म्हणून ही मागणी महिला गटांकडून सर्वांत आधी आली. मधल्या तासाला तुरीची वेगळी पेटी बसवायचं काम चालू आहे, दोन्ही बियाणं एकाच फेरीत योग्य अंतरावर पडायला हवं. ज्यांना आपल्या ट्रॅक्टरच्या चाकांचं अंतर तपासून घ्यायचं आहे त्यांनी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास ट्रॅक्टर घेऊन यावं. जूनमध्ये आम्ही सगळे दुरुस्तीसाठी रानातच असतो.