तुम्ही विचारलंत म्हणून: सगळं येतं तर गाइड कशाला?

"नकाशा मोबाइलवर असतो, सामान पाठीवर असतं, चालायची सवय आहे, मग पैसे मोजून गाइड कशाला घेतेस?" हा प्रश्न इतके जण विचारतात की तुकड्यातुकड्यात उत्तरं देऊन मलाच कंटाळा आलाय, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. पायी जायचं असेल आणि वाट खुणा केलेली असेल तर बरेचदा मी गाइड घेत नाही. पण कनू घेऊन अनोळखी पाण्यात जायचं असेल तर गाइडशिवाय जात नाही, मग कोणी घाबरट म्हणो की आणखी काही. (कनू म्हणजे वरून उघडी, निमुळती, एका पात्याच्या वल्ह्याने चालवायची नाव. वरून बंद आणि दोन पात्यांचं वल्हं असलं की ती कायाक, यात लोक कायम घोळ घालतात.)

असा फरक का करते, तर जमिनीवर विचार करायला वेळ मिळतो. वाट चुकली तर थांबायचं, दोन घोट पाणी प्यायचं, नकाशा काढायचा, नाहीच कळलं तर आल्या वाटेने परत फिरायचं. किती वेळ लागेल याचाही बरा अंदाज येतो, विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला हिशोब लोक अजून वापरतात, दर ५ किलोमीटरला एक तास आणि वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. जड सॅक आणि सारखे फोटोला थांबणारे मित्र असले की त्यात भर घालायची, बाकी गणित जमतं.

पाण्यात हे काही चालत नाही. गार पाण्यात पडलेला माणूस गारठून मरतो असं आपल्याला वाटतं, पण गारठणं खूप नंतर येतं हो. कॅनडातले प्राध्यापक गॉर्डन गिसब्रेक्ट यांनी १-१०-१ असं सोपं करून ते लोकांपर्यंत पोचवलंय: पहिलं १ मिनिट श्वासच ताब्यात नसतो, नुसती धाप लागते आणि त्या धापेतच नाकातोंडात पाणी जातं, मग साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे असतात, त्यानंतर बोटांना दोरीसुद्धा धरवत नाही, आणि शुद्ध हरपायला बर्फासारख्या पाण्यातही १ तास लागू शकतो. अंगावर लाइफ जॅकेट नसेल तर त्या तासापर्यंत बहुतेक जण पोचतच नाहीत. कॅनडा-अमेरिकेतल्या उत्तरेकडच्या तळ्यांवर मे महिन्यात वर ऊन इतकं छान असतं की जॅकेट काढून बसावंसं वाटतं, आणि खालचं पाणी म्हणजे नुकताच वितळलेला बर्फ असतो. आपण कपडे हवा बघून घालतो, चांगला गाइड पाणी बघून घालायला लावतो.

म्हणजे पाण्यात जे काही ठरवायचं ते काठावर असतानाच ठरवावं लागतं, आणि ते ठरवणाऱ्या माणसाचे मी पैसे देते. रस्ता दाखवण्याचे नाही, रस्ता जीपीएसवर दिसतोच की.

नदीवर हे कसं होतं सांगते. पुढे खळखळाट ऐकू आला की गाइड नावा काठाला लावायला लावतो आणि स्वतः काठाकाठाने खाली चालत जातो. तिथे बराच वेळ नुसता उभा. कधी एखादं लाकूड टाकून ते कुठून कसं जातं ते बघतो. त्याला काय दिसत असतं? पाण्यावर व्ही आकार उमटतात. टोक आपल्याकडे असेल तर त्या टोकाशी खडक आहे, टोक खालच्या दिशेला असेल तर दोन अडथळ्यांच्या मधून मोकळी धार आहे. खडकामागे एडी असते, म्हणजे प्रवाह उलटा फिरून संथ झालेली जागा, तिथे नाव वळवून दम खाता येतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पात्रात आडवं पडलेलं झाड, फांद्यांतून पाणी आरपार जातं, माणूस अडकतो आणि मागून पाणी दाबत राहतं. लांबून हे झाड अगदी गरीब दिसतं.

नदीतल्या अशा खळखळत्या जागांना रॅपिड्स म्हणतात, त्यांना १ (सोपी) ते ६ (सगळ्यात अवघड) अशा श्रेणी असतात, पण पाणी वाढलं की तीच जागा वेगळी होते. शिवाय अमेरिकेतल्या कनू-कायाकवाल्यांचा एक जुना दंडक आहे की पाणी १० अंश सेल्सियसच्या खाली असेल किंवा मदत लांब असेल तर श्रेणी एकने वर धरायची. मग गाइड परत येऊन म्हणतो, उचला नावा. सगळ्यांची तोंडं वाकडी. कोणीतरी हमखास पुटपुटतं की यूट्यूबवर तर लोक जातात इथून!

नाव उचलून पायी पुढे जायचं याला पोर्टेज म्हणतात. केव्हलरची (म्हणजे हलक्या पण मजबूत कृत्रिम धाग्याची) कनू २० किलोच्या आसपास, ॲल्युमिनियमची ३० च्या वर, उलटी करून खांद्यावर घ्यायची आणि तिच्या आत डोकं घालून चिखलातून चालायचं, समोर फक्त स्वतःचे बूट दिसतात आणि डासांना मारायला हात मोकळा नसतो. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात बाउंड्री वॉटर्स नावाचं तळ्यांचं रान आहे, तिथे पोर्टेज अजून रॉडमध्ये मोजतात, एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, जवळपास एका कनूची लांबी. १००० पेक्षा जास्त तळी आहेत तिथे. मुक्कामाला परमिट लागतं, एका ग्रुपमध्ये ९ माणसं आणि ४ नावा यापेक्षा जास्त नाही, खाण्यापिण्याचे पत्र्याचे कॅन आणि काचेच्या बाटल्या न्यायला बंदी. हे सगळं वाचून तुम्ही स्वतःही करू शकता, त्यासाठी गाइड नको.

मोठ्या तळ्यावर मात्र पुन्हा गाइड लागतोच. दुपारी वारा वाढतो, लाटा उठतात, आणि उघडी नाव लाटेला आडवी झाली की भरायला वेळ लागत नाही. म्हणून तो पहाटे उठवतो आणि सरळ पलीकडे न जाता काठाकाठाने दुप्पट अंतर वल्हवायला लावतो. वैताग येतो, खरंच येतो.

आता सगळेच गाइड चांगले असतात असं अजिबात नाही. काही जण तुम्हाला पाहुण्यासारखे वागवतात, तंबू ते लावणार, स्वयंपाक ते करणार, तुम्ही फक्त बसायचं. मला ते नको असतं. पहिल्याच दिवशी जे-स्ट्रोक शिकवणारा मला आवडतो, म्हणजे मागे बसणाऱ्याने वल्ह्याच्या शेवटी अंगठा खाली करून पातं बाहेर ढकलायचं, नाहीतर नाव सारखी एका बाजूला वळते आणि पुढचा मागच्यावर ओरडतो. दोघांच्या नावेला लोक गमतीने डिव्होर्स बोट म्हणतात ते उगाच नाही, नवराबायकोला वेगवेगळ्या नावेत बसवणारा गाइड अनुभवी समजावा.

बुक करण्याआधी मी दोन-तीन गोष्टी विचारते. वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डरचा, म्हणजे दवाखान्यापासून लांब रानात प्रथमोपचार करायचा कोर्स केलाय का, साधारण ७० ते ८० तासांचा असतो तो. नेटवर्क नसेल तिथे सॅटेलाइटवर मेसेज पाठवायची सोय आहे का. आणि अर्ध्यातून परत फिरायची वेळ शेवटची कधी आली होती. "आमच्याकडे असं होतच नाही" म्हणाले की मी थँक्यू म्हणून फोन ठेवते.

आपली बाजूही आहेच. बुकिंगच्या फॉर्ममध्ये पोहता येतं का या रकान्यात खरं लिहा, कोणाला कोणासोबत आणि पुढे की मागे बसवायचं हे गाइड त्यावरून ठरवतो, नाही येत म्हटलं म्हणून कोणी हाकलत नाही. औषधं चालू असतील तर लिहा. गुडघा दुखतोय तेही तिथेच लिहा, पोर्टेजच्या मध्यावर जाहीर करू नका, मग तुमच्या वाटची नाव दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर जाते आणि तो संध्याकाळपर्यंत तुमच्याशी बोलत नाही.